बोलून काही होत नाही, हे मुलांना आपल्याआधी कळलेले असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, मॅडम. जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत हे तुमचे तिसरे वर्ष आहे. दर जुलैत तुमच्याकडे शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते, शपथविधी होतो, कार्यालयाबाहेर मंत्र्यांच्या नावांचा रंगवलेला फलक आहे. तरीही मुलांना काही विचारले की ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढेच म्हणतात, पदे फिरून फिरून त्याच चार-पाच हुशार मुलांकडे जातात, आणि मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की या उद्योगांत अभ्यास बुडतो. मुलांना बोलते कसे करावे आणि त्यांच्यात नेतृत्व कसे रुजवावे, असे तुम्ही विचारले आहे.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळांत माझी सव्वीस वर्षे गेली, त्यांतली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. पुढे जे लिहीत आहे ते त्याच अनुभवावर बेतलेले आहे, त्यामुळे त्याला मर्यादाही आहेत. शाळा दोनशिक्षकी आहे की आठवीपर्यंतची, संस्थेची आहे की जिल्हा परिषदेची, मुख्याध्यापक सोबत आहेत की नुसते अडवत नाहीत, गावात दोन गट किती तापलेले आहेत, यांवर बरेच काही ठरते. आमच्या शाळेचा पट १४३ होता. चाळीसच्या पटाच्या वस्तीशाळेत यातले निम्मे सोपे होईल. शहरातल्या हजार मुलांच्या शाळेत निम्मे जमणारच नाही.

तुम्ही ज्याला मुलांचा संकोच म्हणता तो मला संकोच वाटत नाही. हीच मुले मधल्या सुट्टीत विटीदांडूचा डाव कुणाचा यावर अर्धा तास हिरिरीने वाद घालतात, नियम बदलतात, लबाडी करणाऱ्याला डावाबाहेर काढतात आणि पुन्हा आतही घेतात. त्यांना बोलता येते, मांडता येते, तडजोडही करता येते. वर्गात ती गप्प बसतात, कारण पहिली-दुसरीपासून त्यांनी पाहिलेले असते की शिक्षकाने मत विचारले म्हणजे उत्तर आधीच ठरलेले असते आणि आपण ते ओळखायचे असते. सहल कुठे न्यायची हे आजूबाजूच्या शाळांच्या केंद्रात ठरून आलेले असताना आपण वर्गात ‘कुठे जायचं, सांगा बरं’ असे विचारतो. दोन-तीन वेळा असे झाले की मूल शहाणे होते आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणू लागते. त्या उत्तरात आज्ञाधारकपणापेक्षा व्यवहार जास्त असतो.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की मुलांना बोलायला शिकवण्याचे उपक्रम आधी घेऊ नका. तुमच्या हातातले कोणते निर्णय तुम्ही खरोखर सोडून द्यायला तयार आहात, याची यादी आधी स्वतःशी करा. ती लहान निघेल, आणि तशीच निघावी. पोषण आहाराची पंगत कोणत्या क्रमाने बसावी, खेळाच्या तासाला कोणता खेळ, मैदान कुणाला कोणत्या दिवशी, वाचनालयाची पेटी कुणाकडे, परिपाठात काय असावे, स्नेहसंमेलनात कोणते नाच बसवावेत, वर्गातली बसण्याची जागा कशी बदलावी. जे ठरलेले आहे ते ठरलेले आहे असे सरळ सांगावे. त्यावर मत मागू नये. मुलांना नकाराचा त्रास होत नाही, लुटुपुटूच्या विचारण्याचा होतो.

मंत्रिमंडळाबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. आमच्याकडेही निवडणूक होत असे. मोबाइलवरच्या मतदान यंत्राच्या ॲपवर बटण दाबले की ‘बीप’ वाजायचे, बोटाला शाई लावली जायची, केंद्रप्रमुख फोटो काढून गटावर टाकायचे. नागरिकशास्त्राचा पाठ म्हणून ते उत्तमच आहे आणि मी ते बंद करा म्हणणार नाही. पण एका वर्षी प्रचारात चॉकलेटे वाटली गेली, दुसऱ्या वर्षी गावातल्या पॅनलप्रमाणे वर्गात दोन पॅनल पडले, आणि मुख्यमंत्री कोण होणार हे भावकीच्या आकड्यावरून आम्हा शिक्षकांना आठवडाभर आधीच सांगता येऊ लागले. निवडून आल्यावर या मंत्र्यांना करायला काम काय, तर पाहुण्यांना गुलाबपुष्प देणे. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही: मुलांना आपल्या हेतूसाठी वापरणे, मुलांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते विचारणे. एका केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत ही शिडी मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा आमचा शपथविधी दुसऱ्या पायरीवर बसलेला आहे हे मला लगेच दिसले.

आमच्या भागात या मंत्रिमंडळाची आणखी एक गंमत होत असे, म्हणजे तेव्हा ती गंमत वाटत नसे. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या कोयत्यांबरोबर, म्हणजे मजूर जोडप्यांबरोबर, वरच्या वर्गांतली दहा-बारा मुले पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे जात. काही हंगामी वसतिगृहात राहत, काही आजीजवळ. बाकीची थेट गुढीपाडव्याच्या आगेमागे परतत. एका नोव्हेंबरात आमचे स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री आणि उपमुख्यमंत्री असे तिघेही एकाच ट्रकमधून गेले. फलकावर नावे तशीच राहिली. एप्रिलमध्ये स्वच्छतामंत्री परत आला तेव्हा तो मला म्हणाला, “सर, माझं पद हाय का गेलं?” त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, कारण त्याच्या पदाशिवाय शाळेचे साडेचार महिने काहीही अडले नव्हते.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही पदे ठेवली, पण कामे वेगळी काढली. पाचवी ते आठवीच्या मुलांचे पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले. प्रत्येक गटाकडे एक काम, सहा आठवड्यांसाठी; सहा आठवडे झाले की पुन्हा चिठ्ठ्या. मतदानापेक्षा चिठ्ठी मला सरस वाटते, याची दोन कारणे आहेत. हुशार, देखणे, चांगल्या घरचे मूल निवडून येण्याची शक्यता चिठ्ठीत इतरांइतकीच राहते. आणि चिठ्ठीने आलेल्या कामात कुणी हरत नाही. आठवीतल्या एका मुलाला सगळे ‘ढ’ समजत. त्याच्या गटाकडे पाण्याच्या टाकीचे काम आले आणि त्याने तिसऱ्या दिवशी सांगितले की कोपऱ्यातल्या नळाची चकती झिजली आहे, रात्रीतून अर्धी टाकी त्याच नळातून वाहते. त्याचे वडील मोटारी दुरुस्त करत. चकती त्यानेच बसवली. त्याला निवडणुकीत उभे केले असते तर त्याच्या वर्गानेच त्याला पाडले असते.

हुशार मुलांचे काय करायचे, हा प्रश्न येतोच. एका पालकांनी माझ्या टेबलावर हात आपटून विचारले होते की त्यांच्या मुलीला मंत्रिपद का नाही. अशा मुलांना बाजूला सारू नये. पण त्यांना दुसऱ्याच्या वतीने बोलण्याची जी सवय लागलेली असते ती मोडावी लागते. आम्ही त्यांना इतिवृत्त लिहायला देत असू, आणि अट अशी की जो बोलला त्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहायचे. सुरुवातीला त्यांना ते फार जड जाते, कारण समोरचा चुकतो आहे असे त्यांना वाटते आणि हात दुरुस्तीसाठी शिवशिवतो.

आणि मॉनिटर. त्याच्याबद्दल मी फार लिहिणार नाही. शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मुलगा हा मुलांमधला मुकादम असतो. आमच्याकडच्या मुलांना मुकादम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ती पद्धत बंद करा, एवढेच.

आता बोलण्याकडे येतो. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी परिपाठानंतर ३५ मिनिटे आम्ही मुलांच्या सभेला ठेवली. अलीकडे ‘आनंददायी शनिवार’ हा शनिवारी वेगळे उपक्रम घेण्याचा शासनाचा कार्यक्रम आल्यापासून वेळ कुठून काढायचा हा प्रश्न आणखी सोपा झाला आहे. तुमच्या मुख्याध्यापकांना हे नक्की सांगा. पहिल्या दोन सभा मात्र सपशेल पडल्या. मी उभा राहून ‘शाळेत काय अडचणी आहेत?’ असे विचारले आणि मुलांनी संगणक नाही, कुंपण नाही, मैदान लहान आहे, अशी आमच्याच भाषणांत ऐकलेली यादी म्हणून दाखवली. तिसऱ्या शनिवारी प्रश्न बदलला. प्रत्येकाला कागदाचा चतकोर दिला, शाळेचा साधा नकाशा काढायला सांगितले आणि शाळेत जिथे जायला नको वाटते तिथे फुली मारायला सांगितले. नाव लिहायचे नव्हते.

घरी जाऊन मी ते चतकोर मांडून बसलो. मुलींच्या जवळजवळ सगळ्या नकाशांत फुली एकाच जागी होती: मुलींच्या स्वच्छतागृहावर. सोमवारी शाळा भरायच्या आधी मी एकटा तिथे गेलो. आत पाणी होते, फरशी स्वच्छ होती. दार लावले तर ते आपोआप वीतभर उघडले. कडीची नळी निखळलेली होती आणि तिच्या जागी चौकटीला दोन गंजलेली भोके होती. दाराच्या आतल्या बाजूला, कमरेइतक्या उंचीवर, रंग घासून गेलेला एक गोल डाग होता. तो कशाचा, हे मला नंतर आमच्या मॅडमनी मुलींना विचारून सांगितले. मुली जोडीने जात. एक आत बसे आणि दुसरी आतूनच दाराला पाठ लावून उभी राही. ज्यांना जोडीदारीण मिळत नसे त्या शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नसत. युडायसच्या, म्हणजे दरवर्षी सरकारला भरून द्यायच्या शाळेच्या, माहितीत ते स्वच्छतागृह ‘वापरात’ असल्याचे मी चार वर्षे स्वतःच्या सहीने भरत होतो, आणि ते खोटेही नव्हते.

कडी सत्तर रुपयांची होती. त्याच दुपारी बसवली. पुढच्या शनिवारी मी सभेत एवढेच सांगितले की नकाशांवरच्या फुल्यांवरून कडी बसवली आहे, ती नीट लागते का हे पाहून सांगा. त्या दिवशी मुले पहिल्यांदा खरे बोलली. नकाशा ही काही जादूची युक्ती नव्हती. त्या एका आठवड्यात मुलांना दिसले की कागदावर मारलेल्या फुलीने दाराला कडी लागते. तुमच्या शाळेतही अशी एखादी कडी असेल, आणि ती आपल्याला माहीत नसते हाच तिचा गुण असतो.

यावरून आमच्याकडे उत्तराची वही सुरू झाली. साधी दोनशे पानी वही, तीन रकाने: मुलांनी काय मांडले, कोण आणि कधीपर्यंत पाहणार, पुढे काय झाले. नियम असा की मांडलेल्या प्रत्येक गोष्टीला पुढच्या शनिवारी उत्तर मिळालेच पाहिजे. उत्तर तीन प्रकारचे असू शकते: होईल आणि अमुक तारखेला होईल, होणार नाही आणि त्याचे कारण हे, किंवा आमच्या हातात नाही, पण ज्यांच्या हातात आहे त्यांना लिहिले आहे. तिसऱ्या प्रकारात मुलांनी ग्रामपंचायतीला शाळेकडे येणाऱ्या पाइपलाइनबद्दल पत्र लिहिले. सात शनिवार वहीत ‘उत्तर नाही’ अशी नोंद झाली. शेवटी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सहावीतल्या मुलीने ते पत्र वाचून दाखवले. मंडळी कौतुकाने हसली, सरपंचांनी शंभर रुपयांचे बक्षीस दिले. तिने ते घेतले आणि विचारले की पाइप कधी टाकणार. पाइप उन्हाळ्यात टाकला गेला, तोही अर्ध्यापर्यंतच. वहीत ‘अर्धे झाले’ अशी नोंद आहे.

नकार देण्याला घाबरू नका, असे मी सर्वांनाच सांगतो. आमच्या मुलांनी एकदा प्रत्येक वर्गाला संगणक मागितला. मी त्यांना उत्तर म्हणून फळ्यावर आकडे मांडून दाखवले. १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची असते. मग वीजबिल, खडू, रजिस्टरे, दुरुस्त्या. शाळेच्या पैशाचा हिशेब मुलांपुढे मांडणे हे माझ्या काही सहकाऱ्यांना मुळीच आवडले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते थोडे अवघड गेले. पण पुढच्या आठवड्यात मुलांनी दुसरी यादी आणली: एक व्हॉलीबॉलची जाळी, दोन चेंडू, आणि पहिलीच्या मुलांना दिसेल इतक्या खाली लावलेला एक आरसा, कंगव्यासह. आरसा कुणाला सुचला असता? आम्हा मोठ्यांपैकी कुणालाही नाही.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या हातून ती होऊ नये. सभा चांगली चालू लागली तसे मी फार खुश झालो आणि मुलांना म्हणालो की काहीही मोकळेपणाने बोला. पुढच्याच सभेत सातवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला की स्वयंपाकाच्या मावशी ओळखीच्या पोरांना जास्त वाढतात, बारक्यांना मटकी उरतच नाही. मावशी पलीकडे व्हरांड्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी सूप तसेच खाली ठेवले, पदराने तोंड पुसले आणि त्या निघून गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईवर १४३ मुलांसमोर आरोप झाला होता आणि तो मी होऊ दिला होता. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. मग त्या, आमच्या मॅडम आणि चार मुले अशी आम्ही एकत्र बसून पाहणी केली. शिधा बरोबर होता: पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, मुलांनी स्वतः तोलून पाहिला. गोम पंगतीत होती. पहिली-दुसरीचा वर्ग सर्वांत टोकाच्या खोलीत, त्यामुळे ती मुले ताटे घेऊन सर्वांत शेवटी पोहोचत. तोवर वरच्या वर्गांनी दुसऱ्यांदा उसळ घेतलेली असे. लहानांची पंगत आधी बसवावी असे मुलांनीच सुचवले. खर्च शून्य, आणि मावशींच्या माथी आलेला आळही गेला. ज्याने आरोप केला होता त्या मुलाने मावशींची माफी मागितली, मात्र मी सांगितल्यावर. ते त्याला आपणहून सुचले असे मी म्हणणार नाही.

तेव्हापासून सभेत तीनच गोष्टींवर बोलायचे असे ठरले: वस्तू, वेळ आणि जागा. माणसाबद्दलची तक्रार सभेत नाही. ती मुलाने किंवा मुलीने स्वतःला जवळचे वाटणाऱ्या कुठल्याही एका शिक्षकाला सांगायची, नाहीतर तक्रारपेटीत टाकायची. पेटीची किल्ली मुख्याध्यापकाकडे एकट्याकडे असू नये, कारण तक्रार मुख्याध्यापकाबद्दलही असू शकते. आणि पेटीतून किंवा तोंडी, अंगलटीची, स्पर्शाची, धमकीची कुठलीही गोष्ट समोर आली तर ती मुलांच्या कुठल्याही सभेचा, शाळेच्या अंतर्गत मिटवामिटवीचा किंवा गावच्या बैठकीचा विषय होत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे आपल्यावर बंधनकारक आहे. चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असावा. मुलांना बोलते करायचे म्हणजे एखादे दिवशी असेही ऐकायला मिळेल, याची तयारी ठेवूनच सुरुवात करा.

कोण बोलते आणि कोण गप्प बसते, याकडे तुमचे लक्ष आहे हे तुमच्या प्रश्नावरून दिसते. आम्ही प्रत्येकाला सभेच्या आधी तीन चिंचोके देत असू. एकदा बोलले की एक चिंचोका मधल्या ताटलीत टाकायचा; तीन संपले की त्या दिवसापुरते ऐकायचे. आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलायचे आणि मग सभेत. एवढ्याने मुलींचे बोलणे स्पष्टपणे वाढले, कारण दोन-तीन मुलांचे चिंचोके पहिल्या दहा मिनिटांतच संपत. (एकाने दुसऱ्याकडून दोन चिंचोके एका पेरूला विकत घेतल्याचेही उघडकीस आले. तो आता मार्केट यार्डात आडत दुकानावर आहे.) पाचवीतली एक मुलगी पाच आठवडे तिन्ही चिंचोके परत करत असे. तिला मी कधी उठवले नाही. सहाव्या आठवड्यात तिने एक टाकला आणि म्हणाली की दुपारी तिच्या खिडकीतून ऊन थेट वहीवर येते. बस, एवढेच. आपण प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो हेही एकदा मोजून पाहा. मी स्वतःला मनातल्या मनात दहापर्यंत अंक मोजायची सवय लावली तेव्हा कळले की याआधी मी तीनच्या पुढे कधी गेलोच नव्हतो.

शाळा व्यवस्थापन समितीचा उपयोग फार कमी शाळा करतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले आहे; आपल्याकडे तिच्यात दोन विद्यार्थीही घेतले जातात. आमचे दोन विद्यार्थी पूर्वी खुर्चीत बसून पाय हलवत, चहा-बिस्किटे घेत आणि सही करत. आम्ही दोनच बदल केले. विषयपत्रिकेतला पहिला विषय मुलांचा ठेवला, आणि ते दोघे शनिवारच्या सभेने ठरवलेला कागद घेऊन येऊ लागले. स्वतःचे मत सांगायचे असते तेव्हा मूल सरपंचांसमोर कचरते. ‘सभेने हे सांगितलंय’ असे म्हणायचे असते तेव्हा त्याचा आवाज नीट निघतो. मुलांचा विषय झाला की ती वर्गात परत जात, कारण पुढच्या दोन तासांत त्यांचे काहीच काम नसे.

तुमच्या मुख्याध्यापकांच्या आक्षेपाला खोटे उत्तर देऊ नका. यामुळे गुण वाढतात असे मी सांगणार नाही. मी तशी मोजणी कधी केली नाही. त्यांना तीन गोष्टी सांगता येतील. आठवड्याला ३५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार नाही. नळ, पंगत, खेळाचे साहित्य, वाचनपेटी यांकडे आज शिक्षकांचा जो वेळ जातो तो काही महिन्यांत कमी होईल, आमच्याकडे झाला. आणि ही काही परक्या विचारांची नवी खूळ-कल्पना नाही: कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या बोर्डिंगात १९२४ पासून वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत होती आणि रोजची कामे स्वतः सांभाळत होती. तरीही ते ‘मुले डोक्यावर बसतील’ म्हणाले, तर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातले बारावे कलम त्यांना दाखवा. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे. मुलाचे म्हणणे ऐकावे आणि त्याचे वय व समज पाहून त्याला योग्य ते वजन द्यावे, असे त्यात आहे. मूल म्हणेल ते करावे असे कुठेही नाही.

सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. पूर्ण शाळा अंगावर घेऊ नका. तुमच्या एका वर्गात, एका महिन्यासाठी करून पाहा. पहिल्या आठवड्यात फुल्यांचा नकाशा. घरी जाऊन तो एकटीने नीट पाहा आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत लवकर होणारी एक गोष्ट निवडा. दुसऱ्या शनिवारच्या आत ती करून टाका, गाजावाजा न करता. मग वही उघडा. गट आणि चिठ्ठ्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तेही दोन-तीन कामांपुरतेच. दुसऱ्या महिन्यात उत्साह ओसरतो, मुले क्षुल्लक गोष्टी मांडू लागतात, कुणी पेन्सिल घेतली, कुणी ढकलले. तेव्हा कंटाळून सभा गुंडाळू नका. ढकलाढकली नळाजवळच होत असेल तर तो जागेचा प्रश्न आहे, आणि तो वहीत येतो. एखादा शनिवार चुकला तर चालेल, पण उत्तर चुकवू नका. तुमची बदली झाली तर हे बंद पडेल का, याचे उत्तर बहुधा हो असेच आहे. माझ्या आधीच्या शाळेत बंद पडले. म्हणून वही कार्यालयाच्या कपाटात ठेवू नका, मुलांच्या ताब्यात ठेवा.

आणि कार्यालयाबाहेरचा तो फलक काढू नका. तपासणीला येणारे साहेब तो शोधतात, त्यावरून उगाच वाद नको. फक्त ऑइलपेंटने लिहिलेल्या नावांचा भाग फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवून घ्या, म्हणजे दर सहा आठवड्यांनी तिथे खडूने नवी नावे लिहिता येतील.